बांधीतला ऑर्गन

गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला कित्येक दशके रेल्वेचे एकच स्थानक होते, वडसा. सरकारी कागदावर गावाचे नाव देसाईगंज, पण तिकीट आणि तोंड या दोन्ही ठिकाणी वडसाच. दिवाळीच्या आसपास इथे पहिल्यांदा उतरणारा माणूस जरा चक्रावतो. बाजारातल्या दुकानांच्या शेजारी नाट्यमंडळांच्या पाट्या, भिंतींवर नाटकांची भडक रंगांतली पोस्टरे, आणि एखाद्या कार्यालयात सतरंजीवर बसलेली खेड्यांतली पंचमंडळी. त्यांच्या हातात वही असते. कोणती तारीख मोकळी आहे, किती रुपयांत ठरते, नायिका कोण, विनोदी नट कोण, गाणारा कोण, यावर घासाघीस चालते. बैलबाजारात जोडी पारखावी तसे नाटक पारखले जाते. सौदा ठरला की विसार दिला जातो, वहीत तारीख चढते आणि पंच गावी परततात. त्यांच्या गावच्या मंडईचे नाटक पक्के झालेले असते.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपल्याला साधारण एका सरळ रेषेत सांगितला जातो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’, १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’, मग बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा सुवर्णकाळ. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठीत बोलपट आणला, आणि नाटकमंडळ्यांचे तंबू एकामागून एक उतरले. पुढे विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ने पुन्हा उजेड पाडला, तरी रात्रभर चालणारे, गावोगाव फिरणारे, तिकिटाच्या पैशावर जगणारे संगीत नाटक संपले असेच धरले जाते. हा शेवट ज्यांनी लिहिला त्यांनी वडशाचे तिकीट काढले नव्हते. ज्या वाद्याच्या सुरावर तो सुवर्णकाळ उभा होता, त्या ऑर्गनचा भाता वैनगंगेच्या दोन्ही काठांवर बोलपटानंतरही हलत राहिला. तो कसा हलत राहिला, आणि तिथेच का, याची ही गोष्ट.

झाडी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा दाट रानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ च्या २६ ऑगस्टला. त्याआधी तो चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याचा भाग होता. झाडीपट्टी म्हणजे अख्खा गडचिरोली मात्र नव्हे. दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागड हा माडियांचा प्रदेश, सिरोंचाकडे तेलुगू कानी पडू लागते. नाटकाची झाडी उत्तरेला आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली. पलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा. वर लाखांदूर, साकोली, अर्जुनी मोरगाव. नकाशावर या गावांभोवती एक दोरी फिरवली तर मध्यावर वडसाच येते. नदीच्या एका बाजूला ब्रह्मपुरी, दुसऱ्या बाजूला वडसा, आणि गोंदियाहून चांद्याकडे जाणारी, पूर्वी अरुंद रुळांची असलेली रेल्वे. नाटकांचा धंदा इथेच का स्थिरावला, याचे निम्मे उत्तर या भूगोलात आहे.

रान म्हटले की सागवान, बांबू, तेंदूपत्ता आणि वाघ डोळ्यांपुढे येतात. पण झाडीतला माणूस वर्ष मोजतो ते धानावर. इथल्या शेताला शेत म्हणण्याआधी बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला तो लहानसा चौकोन. वर कुठेतरी कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेला जुना मालगुजारी तलाव, ज्याला आता सगळे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव राहिले. हलके धान दिवाळीला कापणीवर येते, भारी धान त्यानंतर. कापलेल्या धानाचे पुंजणे उभे राहतात, बांध्या मोकळ्या होतात, हातात थोडा पैसा खुळखुळतो आणि अंगाला थंडी जाणवू लागते. नाटकाला हवी असलेली मोकळी जागा, रिकामा वेळ, रोकड आणि बसायला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, हे सारे वर्षातून एकदाच, एकाच वेळी जमून येते.

या मुलखात नाटक येण्याआधीही रात्र रिकामी नव्हती. दंडार होती, डहाका होता, गोंधळ होता आणि खडी गंमत होती. खडी गंमतीत शाहीर उभा राहतो, पुरुषच बाईचा वेष घेऊन नाचतो, डफ, ढोलकी, तुणतुणे आणि चोनका यांच्या साथीने सवाल-जवाब रंगतात आणि गावातल्या कुणाचीही गय केली जात नाही. दंडारीत गावचीच पोरे नाचतात, सोंगे काढतात, पुराणातली कथा आपल्या बोलीत ओढून आणतात. ही बोलीही वेगळी आहे. तिला ‘ण’ आणि ‘ळ’ यांचे वावडे. पाणी तिथे ‘पानी’ होते आणि डोळा ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि तिच्या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला, झाडीबोलीच्या साहित्य चळवळीला उभे केले. त्या कामामुळेच शहरातल्या विद्वानांना कळले की ही बिघडलेली मराठी नाही, स्वतःच्या नियमांनी चालणारी मराठी आहे.

तेव्हा संगीत नाटक झाडीत आले ते ओसाड जागी आले नाही. रात्रभर बसून पाहण्याची सवय, गाण्यातून कथा सांगण्याची रीत आणि पुरुषाने स्त्रीवेष घेण्याची परंपरा आधीच मुरलेली होती. बालगंधर्वांना नऊवारीत पाहून पुण्याला जे नवल वाटले, ते झाडीच्या दंडारीला वाटले नसते.

पायाचा भाता

आता ऑर्गनकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या अलेक्झांडर देबेन याने हार्मोनियमला आकार दिला. वारा पितळी पट्ट्यांवरून जातो, पट्टी थरथरते, सूर उमटतो. युरोपातली ही पेटी उभी, पायांनी भाता चालवायची होती. भारतात मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या दिवाणखान्यांबरोबर ती आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून हाताने भाता हलवायची, मांडी घालून वाजवायची पेटी घडवली, आणि तीच पुढे भजनापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे गेली. अमेरिकेत मात्र पायपेटीची दुसरी जात वाढली. तिच्यात भाता वारा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो, म्हणून सूर अधिक गोल, अधिक सलग येतो. दोन पायांखाली दोन पट्ट्या, गुडघ्याशी आवाज लहानमोठा करणारा दांडा, समोर ओढायच्या खुंट्या आणि दोन्ही हात सुरांसाठी मोकळे. मराठी रंगभूमीने ‘ऑर्गन’ म्हणून आपलेसे केले ते हे वाद्य.

नाटकाला त्याची गरज का पडली, हे एकदा मोठ्या मंडपात बसले की कळते. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा, गायकाने तान घेताना श्वास घेतला तरी खालचा सूर तुटू द्यायचा नाही, आणि प्रवेश बदलताना पडद्यामागची खडखड झाकायची, ही तिन्ही कामे एकटा ऑर्गन करी. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, आणि त्या मैफलीचा तळ ऑर्गनने धरलेला होता. गंमत अशी की शास्त्रीय संगीतातल्या सोवळ्या लोकांना पेटी कधीच पसंत नव्हती. तिला श्रुती नाहीत, मींड नाही, असा आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारच बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंद राहिले. रेडिओवर जे वाद्य हद्दपार होते, ते त्याच वर्षांत खेड्यातल्या मंडपात मानाच्या जागी बसलेले होते.

झाडीतही संगीत नाटकाची लागण गावोगावच्या हौशी मंडळांना झाली. पौराणिक, ऐतिहासिक आणि मग सामाजिक नाटके. ‘एकच प्याला’सारखे नाटक तर दारूने घर बुडालेले ज्याने पाहिले आहे अशा कोणत्याही खेड्यात रुजणारच होते. त्याचे लेखक राम गणेश गडकरी यांचा अखेरचा श्वासही विदर्भातच थांबला, नागपूरजवळच्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला.

ऑर्गन एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणे म्हणजे लग्नातली नवरी नेण्यापेक्षा अवघड काम. बंडीत तणसाची गादी घालायची, वर गोधड्या, आणि चाक खड्ड्यात आपटले की वादकाचाच जीव खाली-वर. पावसाळ्यात ओल चढली की पट्ट्या बसतात, भात्याचे कातडे सैल पडते, उंदीर आतले लोकरी कापड कुरतडतात. म्हणून वाद्य चार महिने झाकून ठेवायचे आणि दसऱ्याला काढून, पुसून, सूर तपासून तयार करायचे. पाऊस संपेपर्यंत ऑर्गन बाहेर निघत नाही आणि नाटकही सुरू होत नाही. धान, थंडी आणि वाद्य, तिघांचेही पंचांग असे जुळलेले.

मंडईची रात्र

भाऊबीज आटोपली की झाडीत मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. आज या गावची, उद्या त्या गावची. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, दुकाने लागतात, लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, उपवर मुले-मुली एकमेकांना पाहून घेतात. जिथे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो तिथे बैलजोड्या पाहायला दहा गावे लोटतात. दिवस पटाचा आणि रात्र नाटकाची. एवढे पाहुणे घरात आल्यावर त्यांना झोपवायचे कुठे, हा प्रश्नही नाटकच सोडवते. सगळे उजाडेपर्यंत मंडपात असतात. आणि रानातल्या वाटेने मध्यरात्री परतण्यापेक्षा पहाट होईपर्यंत नाटक पाहणे केव्हाही शहाणपणाचे. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ ही म्हण नाही, शेजारी आहे. झाडीतले नाटक लांब असते, याची शहरात टिंगल होते. पण त्या लांबीमागे हे व्यवहार आहेत.

जागा म्हणजे कापणी झालेली बांधी किंवा शाळेमागचे मैदान. कापडाने किंवा तट्ट्यांनी चारी बाजू बंद. समोर मंच, रंगवलेले पडदे: राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाचे घर. जमिनीला उतार नसेल तिथे खोदून तो दिला जातो, म्हणजे मागच्यालाही दिसावे. पुढे तणसावर बसणाऱ्यांची जागा, मागे खुर्च्या. मंचाच्या पायथ्याशी, प्रेक्षकांकडे पाठ करून, वादक बसतात. ऑर्गनवाल्याची नजर नटाच्या ओठांवर. नट कुठे अडखळला, कुठे भाव खाऊन गेला, कुठे पुढचे वाक्य विसरला, हे त्याला इतरांपेक्षा आधी कळते, आणि तो दोन सूर जास्त धरून ती जागा भरून काढतो.

नट विसरतात, कारण तालमी थोड्या. हंगामात रोज नवे गाव. नट एकाच मंडळाशी बांधलेला नसतो. आज एका नाटकात बाप, उद्या दुसऱ्यात खलनायक. त्याचा हिशोब ‘नाइट’वर. म्हणून झाडीच्या रंगभूमीचा खरा आधारस्तंभ दिसत नाही, तो म्हणजे प्रॉम्प्टर. हातात संहिता धरून, मंचाच्या आडोशाला बसून तो रात्रभर सगळ्यांची वाक्ये कुजबुजत असतो. एका बाजूने प्रॉम्प्टरचा शब्द, दुसऱ्या बाजूने ऑर्गनचा सूर, आणि दोहोंच्या मधे नट. शहरातल्या दिग्दर्शकाला हा अपुरा सराव वाटेल. पण नटाला रोज नव्याने, कान उघडे ठेवून उभे राहावे लागते, आणि त्यातून जे हजरजबाबीपण येते ते तीन महिने तालीम करून येत नाही.

भाषेचीही एक वाटणी आहे. नायक-नायिका बहुधा पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी पात्र आले की झाडीबोली सुटते आणि मंडप हसून लोळतो. हसणे आपल्या भाषेत, रडणे प्रमाण भाषेत. यात एक जुना न्यूनगंड आहे हे खरे. पण त्याच वेळी प्रेक्षक कुणाची वाट पाहतात हेही खरे: पोस्टरवर विनोदी नटाचे नाव नायकाइतक्याच ठळक अक्षरांत असते.

गल्ला गावच्या मंडळाकडे. नाटक कंपनीचे ठरलेले पैसे, मंडप, वीज, जेवण वजा जाता काही उरले तर ते देवळाच्या किंवा शाळेच्या कामाला जाते. बुडाले तर पंचांच्या खिशातून. शेठजीचा आश्रय नाही. ज्याने दुपारी धान मोजले त्याने रात्री तिकीट काढले, एवढीच अर्थव्यवस्था. आणि तिकीट काढलेला माणूस दाद देताना भिडस्त राहत नाही. नाटक पडले तर तो तिथल्या तिथे सांगतो.

दुसऱ्या रानातला पियानो

जगाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण त्याच काळात, एका वेगळ्या रानात असेच पट्ट्यांचे वाद्य वाजत होते. अमेरिकेच्या दक्षिणेत, पूर्व टेक्सास आणि लुइझियानाच्या पाइनच्या जंगलांत लाकूड तोडणाऱ्या कंपन्यांचे तळ पडत. तोडणारे मजूर बहुतांशी कृष्णवर्णीय, गुलामगिरीतून सुटून एकच पिढी झालेले. तळावर एक खोपटे असे. तिथे दारूची पिंपे आणि एक पियानो, बहुतेक वेळा बेसूर. पिंपांवरूनच त्या खोपट्याला आणि तिथल्या वादनाला ‘बॅरलहाउस’ हे नाव पडले. वादक लाकूड वाहणाऱ्या रेल्वेगाडीने एका तळावरून दुसऱ्या तळावर जात. त्यांच्या डाव्या हातात रेल्वेच्या चाकांची लय आली आणि उजव्या हातात मजुरांच्या गाण्यांचे दुःख. ब्लूज पियानोचे हे माहेर. त्याचा वेग वाढला तेव्हा त्याला बूगी-वूगी म्हणू लागले.

पुढे मोठे स्थलांतर झाले. माणसे उत्तरेकडे सेंट लुईसला, शिकागोला गेली आणि पियानो त्यांच्याबरोबर गेला. शिकागोचा जिमी यान्सी हा त्यातला मोठा वादक, पण पोटासाठी तो बेसबॉलच्या मैदानाचे गवत राखी. पियानो रात्री, ओळखीच्यांच्या घरी. २३ डिसेंबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक मैफल झाली. अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन हे तीन पियानोवादक त्या मंचावर बसले, आणि मजुरांच्या खोपट्यातले वादन अमेरिकेच्या सर्वांत प्रतिष्ठित दालनात गाजले. त्या मैफलीने बूगी-वूगीची लाटच आणली. आज शहरे आपापल्या ब्लूज परंपरेचे उत्सव करतात, जुन्या वादकांच्या नावाने मैफली भरवतात.

दोन्ही रानांतला फरक मात्र डोळ्याआड करू नये. अमेरिकेतला लाकडाचा तळ उठणाराच होता. जंगल संपले की कंपनी पुढे, मजूर पुढे, पियानोही पुढे. त्या संगीताला मागे ठेवलेले गाव नव्हते, म्हणून त्याला शहर शोधावे लागले आणि शेवटी दालन. झाडीतही लाकूड तुटले, बांबू कागदाच्या गिरणीत गेला. पण नाटक लाकडावर उभे नव्हते, धानावर उभे होते. बांधी जागची हलत नाही. दरवर्षी ती कापली जाते, दरवर्षी मोकळी होते, आणि दरवर्षी त्याच जागी मंडप पडतो. पुण्या-मुंबईच्या नाटकमंडळ्या थिएटरांच्या भाड्यावर आणि शहरी प्रेक्षकाच्या लहरीवर होत्या. बोलपटाने तो प्रेक्षक एका झटक्यात नेला. झाडीत बोलपट आला तरी मंडईला आलेल्या पाहुण्यांना रात्रभर बसवण्याचे काम त्याला जमले नाही. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात, देवळाच्या जत्रेशी नाटक बांधले गेल्यामुळे ते असेच टिकले. मध्यभागी विरून गेलेला रंग कापडाच्या दोन काठांना शाबूत राहावा, तसे काहीसे झाले.

सूर बदलतो

टिकले याचा अर्थ तसेच राहिले असा नाही. पेट्रोमॅक्सच्या जागी वीज आली, विजेबरोबर ध्वनिवर्धक. स्त्रीवेष घेणारे पुरुष मागे पडले, नागपूरसारख्या शहरांतून नट्या येऊ लागल्या. आज नायिकेच्या नावावर नाटक विकले जाते. पण हंगामात महिनोन्‌महिने घराबाहेर, रोज वेगळ्या गावात राहणाऱ्या या बायकांकडे गाव मंचावर एका नजरेने पाहते आणि मंचाखाली दुसऱ्या, हे दुखणे गेलेले नाही. ऑर्गनच्या शेजारी आधी ऑक्टोपॅड आला, मग बॅटरीवर चालणारा कीबोर्ड. पदांची संख्या घटली, दोन प्रवेशांच्या मधे सिनेमाच्या गाण्यांवर नाच शिरला. जुने रसिक हळहळले. तरुण पोरे मात्र त्याच नाचासाठी आली आणि मग नाटकाला बसून राहिली.

विषयही बदलले. हुंडा, दारू, सासुरवास हे नेहमीचे होतेच. नवरगावचे नाटककार-दिग्दर्शक सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ लिहून शेतकऱ्याच्या मरणाला मंचावर आणले. ज्यांच्या घरचा प्रश्न होता, तेच समोर तणसावर बसून पाहत होते. आंबेडकरी जलशाचे संस्कार घेऊन आलेले चंद्रपूरचे गायक अनिरुद्ध वनकर यांनी आपले गाणे नाटकात आणले. १९८० नंतर गडचिरोलीवर नक्षलवादाची सावली पडली. रात्री रस्त्याने जाणाऱ्याला अडवून विचारपूस व्हायची ती कधी एका बाजूकडून, कधी दुसऱ्या. अशा जिल्ह्यात बाया-पोरांसह हजारो माणसे रात्रभर एका उघड्या बांधीत निर्धास्त बसतात, ही घटना कुठल्याही शांतता मोहिमेपेक्षा लहान नाही.

धक्के बसले ते बहुधा बाहेरून. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले. पटाला येणारी गर्दी गेली तशी रात्रीच्या नाटकाचीही अर्धी बैठक मोडली. डिसेंबर २०२१ मध्ये पटांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ऐन मंडयांच्या दिवसांत पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. ज्या धंद्यात विसारापासून तिकिटापर्यंत सगळे रोखीने, त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको. आणि २०२० मध्ये करोनाने हंगामच गिळला. हंगामभर रात्री जागणारे कलावंत घरी बसले. कुणी रोजीवर गेले, कुणी भाजी विकली. त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी कधीच नव्हती, त्यामुळे नोकरी गेली असेही म्हणता येईना.

मान आणि गल्ला

त्यानंतर झाडीला मान मिळू लागला. २०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला आणि वडशाच्या या दुनियेकडे मुंबईने जरा वळून पाहिले. २०२३ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांचे नाव होते. शेती करणारा हा नट. सुमारे आठशे भूमिका आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. आपल्या मुलखात ते विनोदी भूमिकांसाठी लाडके. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेणाऱ्या या कलावंताची तालीम झाली होती ती बांध्यांत.

मान हवाच. कार्नेगी हॉल नसता तर अमन्स आणि लुइस यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नसती. पण तिथल्या गोष्टीचा पुढचा भाग झाडीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. बूगी-वूगीची लाट काही वर्षांत ओसरली. दालन पुढच्या नवलाकडे वळले. यान्सी १९५० पर्यंत मैदानाचे गवतच राखत राहिला आणि पुढच्याच वर्षी गेला. दालनाने परंपरेला कीर्ती दिली, रोजची भाकरी दिली नाही. झाडीत उलटे आहे. कीर्ती उशिरा आली, पण भाकरी, कमी-जास्त का होईना, दर हंगामाला गल्ल्यातून निघते. नागपूर-मुंबईच्या महोत्सवात दीड तासात कापून बसवलेले झाडीचे नाटक पाहून टाळ्या पडतात, तेव्हा पाहणाऱ्याने एवढे ओळखावे की हा नमुना आहे. अख्खे कापड तिकडे, थंडीत, पहाटेपर्यंत उलगडत असते.

होळीच्या सुमारास हंगाम उतरणीला लागतो. रात्री आखूड होतात, मोहफुले पडू लागतात, मग तेंदूपत्त्याचे दिवस येतात आणि नट मंडळी आपापल्या कामाला लागतात. पडदे गुंडाळून ठेवले जातात. पायाचा भाता असलेला ऑर्गन आता दुर्मीळ झाला. बऱ्याच मंडपांत त्याच्या जागी कीबोर्ड आहे, आणि त्याला ना ओल लागते ना उंदीर. पण तो ठेवतात तिथेच, मंचाच्या पायथ्याशी, आणि वाजवणारा बसतो तसाच, लोकांकडे पाठ करून, नटाच्या ओठांवर नजर लावून.

पुढचा पाऊस कसा पडेल यावर पुढचे नाटक ठरेल. धान बरे झाले तर दसऱ्यानंतर पंच वही काखेत मारून वडशाच्या गाडीत बसतील.